कडू दारूचा उंच गिलास

दोन हजार तेवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. लोणावळ्याच्या हॉटेलात बारवर काम करणारा माझा लेक गेला. दहाव्याला पवनेच्या काठी त्याच्या पिंडाला कावळा शिवेना. मग त्याच्या आवडीचं मीच केलं. उंच गिलासात बर्फ, झाडपाल्याची कडू दारू, लिंबू, पुदिना. त्यानं शिकवलं होतं तसा सोडा वरून हळू सोडला, ढवळलं नाही.

भावकीतला एकजण म्हणाला, "आबा, पिंडाशेजारी दारू? शोभतं का?"

"त्यालाच इचार," मी म्हणालो.

बर्फ विरघळला तरी कावळा आला नाही. शेवटी भावकीतल्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. "झालं, आबा, उठा आता."

"गवताला काय कळतंय त्याची आवड?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजा बर्फ घेऊन एकटाच परत नदीवर गेलो.