सेरेंगेटीत बाईला लागलेली झोप

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. आदिलाबादजवळ तामसीकडच्या वावरात तिनं जन्मभर जागली केली. नवरा लवकर गेला. ज्वारी निसवली की रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं यायची; दिवसा कापूस वेचायचा आणि रात्री मचाणावर बसून डबा बडवायचा. तिचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये लागला आणि त्याच धंद्यात पुढे टांझानियाला गेला. आंध्र प्रदेश अजून अखंड होता तेव्हाची ही गोष्ट. त्यानं आईला बोलावलं. मी शाळेत भूगोल शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणून सोबतीला गेलो.

सेरेंगेटीच्या फाटकातून जीप आत शिरली तोवर प्रवासानं आमची हाडं खिळखिळी झाली होती. नजर पोचेल तिथवर गवतात विल्डबीस्ट या काळपट, शिंगाळ हरणांचे कळप चरत होते. बाई ताडकन सरळ बसली.

"एवढे रोही! यायले कोनी हाकलत नाही काय?"

"हे यायचंच रान हाय, माय," भाचा म्हणाला. "इथं शेती नाही."

तिला ते पटलं नाही. "ड्रायव्हरले इचार, त्याचं वावर कुठं हाय."

भाच्यानं विचारलं. ड्रायव्हर हसला. त्याचं गाव पार्काच्या शिवेलाच होतं. मक्यात हत्ती घुसायचे; त्याची आई रात्रभर पत्रा वाजवत बसायची.

बाई म्हणाली, "मंग ते बिचारी झोपते कवा?"

कोणी काही बोलायच्या आत तिनं मान मागे टेकली आणि तिला गाढ झोप लागली. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला पिल्लांसकट सिंहीण दिसली.

"मामा, मायले उठवू काय? एवढ्या लांबून आनलं तिले."

मीही पार थकलो होतो. इतकी वर्षं फळ्यावर याच गवताळ प्रदेशाचा नकाशा काढला, आणि आता समोर सिंहीण असताना मी बहिणीच्या सुरकुतल्या चेहऱ्याकडेच पाहत होतो.

"झोपू दे," मी म्हणालो.

ती उठली तेव्हा फाटक जवळ आलं होतं. सिंहीण हुकल्याचं भाच्यानं चाचरत सांगितलं.

"असू दे रे. लय थकली मी. यंदा वावर बटईनं देऊन टाकतो. आता जागलीले जानं नाही."

भाचा कधीपासून हेच विनवत होता. परतल्यावर तिनं खरंच वावर अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिलं आणि ती आदिलाबादला आमच्याकडे राहायला आली. कितीतरी दिवस दुपारी जेवून ती आडवी व्हायची, ती दिवेलागणीलाच उठायची.