ठेक्यावरची चाल

लेकीचा तबल्याचा क्लास सुटेपर्यंत आम्ही पालक बाहेर स्कूटरवर मोबाइल बघत बसतो. एक बाई मात्र बसत नाही. ऑफिसच्या साडीवर बूट घालून, डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून ती इमारतीभोवती फेऱ्या मारते. आतली लय वाढली की तिची पावलंही झपझप पडू लागतात.

एकदा म्हणाली, "दिवसभरात माझा म्हणून एवढाच वेळ. तोही लेकीमुळे मिळालेला."

मी मात्र सवड मिळण्याची वाट बघतेय, कितीतरी वर्षं.

आज क्लास सुटला तेव्हा तिचा फेरा अर्ध्यावर होता. तिची लेक बाहेर आली, पळत आईपाशी गेली, तिच्या खांद्यावरची पिशवी तिनं काढून घेतली आणि पायरीवर जाऊन आईची वाट बघत बसली.