बुडताना म्हणायचा शब्द

नागपुरात शिडाच्या बोटी चालतात म्हटलं की लोक हसतात. म्हणून आमच्या क्लबातले किस्से बाहेर जात नाहीत, आतच साचत राहतात. क्लब म्हणजे कन्हानच्या पुढच्या एका धरणावर टिनाचं शेड, सहा बोटी आणि मदतीला एकच मोटरबोट. मी परदेशात शिकून नागपूरच्या प्रताप नगरात परतले, ती इथे कुणाला बुडू द्यायचं नाही असं ठरवूनच. सोबत वायरलेस सेट आणले होते, प्रत्येक बोटीला एक.

*

पहिला सेट देवरावकाकांना दिला. निवृत्त कारकून, बोट एकटेच नेतात. आठवड्यानं पाहिलं तर सेट बिस्किटाच्या डब्यात, झाकणाला वरून रबर.

"काका, वॉटरप्रूफ आहे. पाण्यात तरंगतो."

"तरंगते ना वं. पण भिजतेच ना?"

*

संकटात तीनदा 'मेडे' म्हणायचं, मग आपण कुठे आहोत ते सांगायचं. मी फळ्यावर लिहिलं, सराव घेतला. काकांची पाळी आली.

"हॅलो, देवराव बोलून राहिलो. काही विशेष नाही. मीनलच्या आईले सांगजो, जेवाले उशीर होईन."

"काका, तुमची बोट उलटलीय. तुम्ही बुडताय!"

"म्हणून काय वरडाचं? बाकीच्याइले त्रास."

मीनल काकांची मुलगी. तिची आई, म्हणजे पुष्पाकाकू, शेडमध्ये पोहे करत होत्या. "जाऊ दे वं," त्या म्हणाल्या. "हे दवाखान्यात भरती होते, तवा डॉक्टरलेच विचारत, तुमची तब्येत कशी आहे."

*

खुशाल बुटीबोरीच्या कापड कारखान्यात इंजिनिअर. एका रविवारी सेटवर त्याचा आवाज आला, "मेडे, मेडे, मेडे." मी मोटरबोट काढली. पोहोचले तर हा पाय पसरून बसलेला.

"जेवणाचा डब्बा शेडातच राहिला वं."

मी फळ्यावर लाल खडूनं लिहिलं: खोटा मेडे देणाऱ्याचा सेट जप्त. खुशाल हसला. काकांनी मात्र ते दोनदा वाचलं.

*

एप्रिलमधली दुपार. पश्चिमेकडून धुळीचा लोट आला आणि पाणी एकदम काळं पडलं. खुशालची बोट काठापासून हाकेवर उलटली. काका पार पलीकडे होते, त्यांचं शीड दिसेनासं झालं.

"काका, कसे आहात?"

"आरामात. थोडं पाणी येऊन राहिलं."

"मोटरबोट आणू?"

"नको. आधी बाकीच्याइले पाहा."

मी खुशालकडे निघाले. इंजिन सुरू केलं, तेवढ्यात सेट खरखरला.

"पुष्पा आहे का तिथं?"

काकू काठावर उभ्या होत्या. हातातला झारा खाली पडला आणि त्या तशाच मोटरबोटीत चढल्या.

"तिकडं घे. पस्तीस वर्षांत यायनं मले नावानं हाक नाही मारली."

मी खुशालकडे पाहिलं. तो उलट्या बोटीला धरून ओरडला, "मी धरून आहो. जा तुम्ही."

पलीकडे आधी फक्त बिस्किटाचा डबा तरंगताना दिसला. मग काका. पाय दोरात अडकलेला, पाणी हनुवटीपर्यंत, एक हात डोक्यावर उंच. हातात सेट.

काकूंनी त्यांची कॉलर धरली. मी दोर कापला.

"भिजू नाही दिला," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी खुशालसकट सगळे शेडात जमलो, तर फळ्यावरचे तिन्ही 'मेडे' पुसलेले होते. तिथं तीनदा लिहिलं होतं, 'पुष्पा'. अक्षर कारकुनी, वळणदार.