गणपतीच्या खोलीतलं ऑफिस

लॅपटॉपला वायर लावली की ऑफिस उघडायचं, वायर काढून वायफाय धरलं की बंद. एवढीच तक्रार होती, पण तिच्यावरून पुण्यातल्या साहेबांनी अख्ख्या कोकणाचा निकाल लावून टाकला. "तुमच्या तिकडे नेट असंच असणार हो," ते फोनवर हसत म्हणाले. "चतुर्थीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर परत इकडे या." मला त्या हसण्याचा राग आला. अजूनही येतो.

बाबा गेल्यावर मी पुण्याची खोली सोडून मालवणला आईजवळ आले, काम तेवढं बरोबर घेऊन. एका औषध कंपनीच्या गोदामांतला माल कुठे किती आहे ते मी घरून बघते. त्यासाठी व्हीपीएन लागतं, म्हणजे ऑफिसच्या कुलूपबंद जागेत घरबसल्या शिरण्याचा रस्ता. इंटरनेट जोडणारा माणूस वायफायचा डबा कुठे बसवू म्हणून विचारत आला, तेव्हा आईने त्याला घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात जपलेली भिंत दाखवली. आमच्याकडे ती भिंत म्हणजे गणपती बसतो ती. वर्षभर खोली रिकामीच असते, म्हणून मी तिथेच टेबल टाकलं आणि वायरीवर खुशाल काम करत राहिले. दर वर्षी न चुकता येणाऱ्या पाहुण्याची जागा आपण अडवून बसलोय, हे मायलेकींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

श्रावण संपत आला तशी आईने माझ्या टेबलाकडे बघायला सुरुवात केली. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, आमची माटवी, तिने माळ्यावरून उतरवून धुतली आणि मुद्दाम माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली. मी पडवीत हलले. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय पडवीपर्यंत पोचावं म्हणून मधल्या खोलीत आधीच पहिल्याचं वायफाय पकडून पुढे देणारा एक दुसरा डबा बसवला होता. त्यावर सिनेमे चालायचे, फोन चालायचे, फक्त ऑफिस उघडत नव्हतं. लांब वायर आणते म्हटलं तर आई उसळली.

"उंबऱ्यार वायर? भजनाक इलेली माणसा अडकान पडतली, मगे तुझो सायब येतलो उचलूक? आणि भितीक भोक पाडशीत तर बघ."

भिंतीला नुकताच रंग दिला होता. विषय संपला.

कंपनीच्या मदत कक्षातला मनुष्य रोज तेच सांगायचा. बंद करा, चालू करा. व्हीपीएन काढून टाका, परत टाका. "कनेक्टेड दाखवतंय ना? मग आमच्याकडून सगळं ओके आहे." दाखवत होतं, खरंच. हिरवा दिवा लागायचा आणि फाईल उघडायला गेलं की काही नाही. शेवटी तो म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या वायफायवर बघा. मी शेजारी काकांकडे जाऊन बसले. तिथेही तसंच. "बघा," तो म्हणाला, "गावाचंच नेट खराब." लगेच साहेबांपर्यंत बातमी गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात मी माटवीसाठी दिव्यांची माळ मागवली होती. पार्सल पोचल्याचा मेसेज आला, पण पार्सल काही आलं नाही. आमच्या वाडीत सगळ्या घरांचं आडनाव एकच. कुरिअरवाला ते आडनाव वाचतो आणि पहिलं घर लागेल तिथे देऊन मोकळा होतो. मी घरोघर विचारत गेले, तर माळ वाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकीच्या ओसरीवर लुकलुकत होती.

"माका वाटला माझ्या झिलान धाडल्यान," काकी मुलाच्या कौतुकाने म्हणाली. "लावलंय पण!"

तिथेच माझी ट्यूब पेटली. पोचलं म्हणतात आणि मिळत नाही, हे मी दुसरीकडे रोज बघत होते. मी काकीकडे माळ तशीच ठेवून घरी पळाले.

वायफायचा डबा त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता देतो. मी लॅपटॉपचा पत्ता आधी वायरीवर बघितला, मग वायफायवर. दोन डबे, दोन वेगळ्या मालिका. मग ऑफिसच्या फाईली जिथे असतात त्या यंत्राचा पत्ता काढला. तो वायफायवाल्या मालिकेतलाच! म्हणजे मी पडवीतून ऑफिस मागितलं की माझा लॅपटॉप ते पुण्यात न शोधता आमच्याच घरात, टीव्ही नि फोनांच्यात शोधत बसायचा. काकांकडेही दुकानातून तसलाच डबा आणलेला, त्यामुळे तिथेही तेच. गावाच्या नेटला धाड भरली नव्हती. मदत कक्षातल्या माणसाने एकदा जरी पत्ता विचारला असता तर चुटकीसरशी कळलं असतं. पण गावाला दोष देता येत असताना विचारतो कोण?

मधल्या खोलीतल्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्याच्या मालिकेतला एक आकडा बदलला, म्हणजे ती ऑफिसच्या मालिकेपासून वेगळी झाली. ऑफिस उघडलं. मी पडवीत एकटीच ओरडले आणि लगोलग साहेबांना फोन लावला.

"वायफायवरून बोलतेय. गोदामाची फाईल समोर आहे. म्हणाल ती ओळ वाचून दाखवते."

त्यांनी ओळ सांगितली नाही. "छान झालं," म्हणाले. "पण तरी, तुम्ही इथे असलात तर बरं."

"आता अडचण काय आहे?"

"अडचण अशी नाही. पण तिकडे राहून..."

"माझ्या कामात खोट आहे?"

"त्यात वाद नाही."

मासळीबाजारात आवाज चढवून जगलेल्या बाईची मी मुलगी आहे. "मग मी इथूनच करणार," मी म्हणाले. "काढायचं तर काढा. पण काढताना कारण माझं काम सांगा, माझं गाव नाही." विचार करतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता पुढच्या वर्षीची चतुर्थी तोंडावर आली आहे आणि मी अजूनही पडवीतूनच काम करते. त्या दिवशी मात्र पुढचं काही माहीत नव्हतं. फोन ठेवून मी आत आले. आई गणपतीच्या खोलीत स्टुलाजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलेलं होतं.

"काय म्हटल्यान गो?"

"विचार करतो म्हणाला."

"करांदे," आई म्हणाली. "तू वर चड आणि ह्यो नारळ माटवेक बांध."