परत लावायचा राहिलेला लिसनर
तापलेल्या लोखंडाचा वास आला की चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातला तो कारखाना आठवतो. भट्टीसाठी मी केलेल्या ॲपमध्ये एका चौकटीत सेल्सिअस टाकलं की दुसरीत फॅरनहाइट आपोआप भरायचं, आणि उलटही. पण ॲपने भरलेला आकडाही माणसानेच टाइप केलाय असं समजून दोन्ही चौकटी एकमेकींना बदलत सुटायच्या. म्हणून ॲप स्वतः लिहीत असताना, चौकटीतला बदल ऐकणारा कोडचा तुकडा, म्हणजे लिसनर, मी काढला आणि परत लावायला विसरले. म्हाताऱ्या मिस्त्रींनी नवा आकडा टाकला, तरी दुसऱ्या चौकटीत जुनाच. त्या जुन्या आकड्यावर भट्टी लावायला निघालेला हात मागे घेत ते म्हणाले, “बेटा जी, ये तो सुन ही नहीं रहा.” आजही मुलीला “थांब, आधी माझं ऐक” म्हणते, आणि तिचं ऐकायचं राहिलं हे आठवेपर्यंत तिने हेडफोन लावलेले असतात.