भादलीला थांबलेला श्वास

माझ्या मावशीच्या यजमानांइतका श्वासाचा धनी माणूस उभ्या खानदेशात झाला नाही, आणि झाला असेल तर तो आमच्या नानांसमोर तोंड उघडायला धजावला नसेल. चाळीसगावच्या स्टेशनासमोर त्यांचं सरकी-ढेपीचं दुकान होतं. दुकानात बसून ते मागच्या गल्लीतल्या बैलाला दटावत आणि बैल बिचारा जागच्या जागी थांबे. त्यांना शिंक आली की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून घेई. नाना हसायला लागले की मावशी ताटातली कळण्याची भाकरी हाताने झाकून धरायची. का, ते तिलाच ठाऊक. पण नानांची खरी कीर्ती वेगळीच होती. चाळीसगावपासून भुसावळपर्यंतची सगळी स्टेशनं ते एका दमात म्हणत. वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, पाचोरा, परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव, भादली, भुसावळ! कुठल्याही लग्नाला जा, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, "नाना, होऊ द्या गाडी." मग नाना फेटा सारखा करत, डोळे मिटत आणि गाडी सोडत. शेवटच्या 'भुसावळ'मधला 'सा' ते इतका लांबवत, की नवख्या माणसाला यांना आता उचलून न्यावं लागणार असं वाटे.

या गाडीचं मूळ त्यांच्या एकुलत्या एक लेकीत होतं. अक्का भुसावळला दिलेली. पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा खिडकीशी बसून ती इतकी रडली, की नानांना काही सुचेना. त्यांनी घाईघाईने सगळी स्टेशनं एका श्वासात म्हणून दाखवली आणि म्हणाले, "देख, येवढंसं तर शे! एक श्वासनं अंतर!" अक्का रडता रडता हसली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. अक्का निघाली की नानांनी खिडकीशी गाडी म्हणायची, आणि ती मधे तुटली तर अपशकुन समजून अक्काने त्या दिवशी जायचंच नाही. तुटायची वेळ कधी आलीच नव्हती, म्हणून या नियमाची कुणाला भीतीही नव्हती.

मग सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. धडधाकट माणसं पटापट अंथरुणाला खिळली. नाना तर मरणाच्या दारात जाऊन आले. अक्का धावत आली आणि दीड महिना त्यांच्या उशाशी बसून राहिली. ताप उतरला, खोकला गेला, पण नानांचा श्वास काही परतला नाही. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, आणि बोलताना तीन शब्दांमागे एकदा थांबावं लागायचं. मी जळगावला कचेरीत कारकून होतो. दर रविवारी जाऊन बघून यायचो. ज्या माणसापुढे बैल थांबायचा, तो "पाणी" म्हणतानाही थांबत होता.

डॉक्टर म्हणाले, "नाना, फुप्फुसं साफ झालीत. पण श्वास ओढणारे स्नायू, तो छातीखालचा पडदा, आजारात राबून राबून दुबळे झालेत. त्यांना पुन्हा कामाला लावायचं, पण दमानं. पोटावर शेरभर ज्वारीची पिशवी ठेवा आणि ती श्वासाने वर उचला." नानांना 'शेरभर' हा शब्द अपमानाचा वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटावर पाटा-वरवंट्यातला वरवंटाच ठेवून घेतला आणि ओठ निळे पडेपर्यंत ऐकलं नाही. मावशीने तो वरवंटा आठ दिवस कुलुपात ठेवला; चटणीसुद्धा शेजारी जाऊन वाटली. डॉक्टरांनी मग स्टेशनांचा उपाय काढला. "आधी धुळ्याकडे जाणारा रेल्वेफाटा म्हणा. लहान आहे." नाना ताडकन उठून बसले आणि मग तेवढ्यानेच दमले. "धुयाना फाटाले... काय श्वास लागस? मी म्हनसू ते... मेन लाईनच!"

आणि म्हटलीही. पहिल्या आठवड्यात गाडी वाघळीलाच बंद पडली. मावशीच्या चुलीपुढे बसून ते फुंकणी फुंकायचे. जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेला माणूस गल्लीतल्या चार चुली पेटवून यायला लागला. गणपतीत कजगाव आलं, दसऱ्याला पाचोरा. मी गेलो की दारातूनच बोटं नाचवत सांगायचे, "आज म्हसावदलोंग गऊ!" दिवाळीला गाडी भादलीला पोचली. आता एकच स्टेशन उरलं. भुसावळहून जावयांची पत्रं येत होती, पण अक्का म्हणे, गाडी पुरी झाल्याशिवाय मी निघत नाही.

ती गाडी भादलीला जी थांबली ती तीन आठवडे हलेना. एका रविवारी मी दुकानात मागच्या दाराने शिरलो. ढेपीच्या पोत्यांकडे तोंड करून नाना एकटेच गाडी म्हणत होते. "...शिरसोली, जळगाव, भादली." आणि थांबले. छातीत हवा उरली होती, मला दिसत होती. ती त्यांनी नाकावाटे हळूच सोडून दिली. मी आल्या पावली परत फिरलो. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आलं.

संध्याकाळी नाना अक्काला म्हणाले, "आजबी भादलीच, बाई." अक्का भाकरी थापत होती. वर न बघताच ती म्हणाली, "नाना, भादलीले गाडी इतला येळ थांबत नही."  सकाळी उठून नानांनी स्वतःच तिची वळकटी बांधली. मीही कचेरी बुडवून त्यांच्याबरोबर स्टेशनावर गेलो.

फलाटावर खिडकीशी उभं राहून नानांनी फेटा सारखा केला, डोळे मिटले आणि गाडी सोडली. पण रडू आवरणाऱ्या छातीत श्वास पुरत नाही. पाचोऱ्यालाच तुटली. नाना कासावीस झाले, खांबाला धरून उभे राहिले. "गाडीबी... पानी लेवाले थांबस ना," ते अक्काकडे बघत म्हणाले. अक्काने मान डोलावली. तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. ती खिडकीतून ओरडून पुढे म्हणू लागली, "परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली..." मग सगळं इंजिनाच्या आवाजात बुडालं.

नाना बाकावर बसून पुष्कळ वेळ श्वास घेत राहिले. मग मला विचारलं, "ती भुसावळ बोलनी का रे?"

"हो नाना, स्पष्ट ऐकलं," मी म्हणालो. शिरसोलीनंतर मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण एका दमातली गाडी पुन्हा कधी झाली नाही. पाचोऱ्याला ते ठरवून पाणी घ्यायचे. आता ते नाहीत. मी पॅसेंजरने भुसावळला जातो तेव्हा गाडी भादलीला मिनिटभर थांबते, आणि दर वेळी मला वाटतं, थोडी लवकरच सुटली.