मुकादम सरांचा इम्पॅक्ट

आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कधी कमी होत नाहीत, उंदीर आणि किस्से. उंदरांसाठी पिंजरा तरी लावून झाला. किस्से मात्र मोकाट फिरतात, आणि त्यातले निम्मे मुकादम सरांचे. ते हसत सांगायचे असतात म्हणे. मला जमेलच असं नाही.

आधी सर कोण ते सांगते. पनवेलचेच, कोकणी मुसलमान. भाऊ आखातात गेले, हे इथे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत राहिले. सरांचा विषय कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देतो तो. एकच काम पुन्हा पुन्हा करणारा लूप समोर आला, की त्यातल्या कुठल्या फेऱ्या एकाच वेळी वेगवेगळ्या प्रोसेसरना वाटता येतील आणि कुठल्या आधीच्या उत्तरासाठी अडून राहतील, हे कंपायलरने आपणहून ओळखावं, अशी एक रीत सरांनी शोधली. परदेशातल्या एका गटाने ती आपल्या फुकट मिळणाऱ्या कंपायलरमध्ये घातली. आता ती जगभर चालते.

मीही इथेच शिकवते, आणि मला याच विषयात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची होती. त्यासाठी विद्यापीठाने सरांना गाइड म्हणून मान्यता द्यायला हवी होती, आणि मान्यतेसाठी संशोधनाचा इम्पॅक्ट सिद्ध करायचा होता. अर्ज जाणार कॉलेजमार्फत. इथूनच सगळं सुरू होतं.

* * *

आमचे एचओडी ठोंबरे सर. परदेशातून आलेली आभाराची मेल मी छापून त्यांच्यापुढे ठेवली.

"पेटंट आहे?"

"नाही सर. मुकादम सरांनी ते सगळ्यांना मोकळं दिलंय."

"म्हणजे फुकट."

"हो."

"मग इम्पॅक्ट कसला? फुकट तर लग्नाची पत्रिकापण येते घरी."

* * *

सरांनी भंगारात निघालेले कॉम्प्युटर जोडून प्रयोगासाठी एक क्लस्टर बांधला होता. सगळ्यांनी मिळून एकच काम करायचं, त्यामुळे मॉनिटर एकच पुरायचा. तेवढ्यात इन्स्पेक्शन आलं.

"मॉनिटर नाही म्हणजे कॉम्प्युटर नाही," ठोंबरे सर म्हणाले. "कमिटी मॉनिटर मोजते."

लगोलग शेजारच्या लॅबमधले मॉनिटर उचलून आणले आणि प्रत्येक डब्याशेजारी एकेक मांडला. त्यांना एक प्लग कमी पडला, म्हणून सगळे डबे एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विचच काढून ठेवला. सरांचा आठवडाभर चाललेला रन तिथेच मेला. मॉनिटर तरीही काळेच, कारण ते डब्यांना कोणी जोडलेच नव्हते.

कमिटीतल्या एका वयस्कर सद्गृहस्थांनी विचारलं, "हे सगळे बंद का?"

"वीजबचत, सर."

रिपोर्टमध्ये आमच्या वीजबचतीचं खास कौतुक झालं.

* * *

परीक्षा विभागाचा निकाल लावणारा प्रोग्रॅम सकाळी सुरू केला की संध्याकाळी संपायचा. सरांनी तो नव्या कंपायलरवर घेतला, स्वतःचीच रीत त्यात चालू केली, आणि चहा निवायच्या आत निकाल तयार. योगायोगाने त्याच आठवड्यात त्या खोलीत एसी बसला होता.

स्टाफ मीटिंगमध्ये प्रिन्सिपल म्हणाले, "पाहिलंत? मशीनला गारवा मिळाला की मशीन कसं पळतं."

एसीवाल्याला शाल आणि नारळ दिला. मी संतापून सरांकडे बघितलं, तर सर टाळ्या वाजवत होते.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. "सर, तुम्ही बोलत का नाही?"

"अगं, एसी खरंच चांगला आहे."

* * *

ईदला सरांच्या घरी गेले होते. थोरले भाऊ कुवेतहून आलेले. शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देत त्यांनी सरांना विचारलं, "काय रे अस्लम, माशाल्ला, सगळ्या दुनियेत तुझा कोड चालतो म्हणतात. मग तुझी स्कूटर का नाय चालत?"

सगळं घर हसलं. सरही. गव्हाणला माझी आत्या आहे, ती तर माझ्याबद्दल असं काहीबाही रोजच बोलते, "यवरी शिकली, अजून शिकतंच हाय." घरच्यांचं मी मनावर घेत नाही. त्यांनी कुठे वाचलेत रिसर्चचे पेपर!

* * *

सरांचा अर्ज ठोंबरे सरांच्या टेबलावर पडून होता. मी रोज विचारायची. एके दिवशी ते वैतागले.

"तुझं रक्त गरम आहे. आमच्या वयाची झालीस की कळेल."

"सर, तुमच्या वयाची झाले की कळायचं बंद होईल, याचीच भीती वाटते."

अर्ज त्याच आठवड्यात पुढे गेला. मला मात्र ऐन दिवाळीत परीक्षेचं सुपरव्हिजन लागलं.

* * *

अखेर विद्यापीठाची कमिटी बसली. आमच्याकडे एक पद्धत आहे. पेपर कोणीही लिहो, पहिलं नाव एचओडींचं. प्रिन्सिपल मेकॅनिकलचे, म्हणून त्यांचं दुसरं. ज्याने काम केलं तो त्यानंतर. सरांचा त्या रीतीवरचा पेपरही असाच छापला गेला, त्यामुळे जगात जिथे जिथे त्याचा उल्लेख होतो, तिथे 'ठोंबरे आणि इतर' असं असतं.

सर आत गेले आणि लगेच बाहेर आले. "काय विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं, यात तुमचा वाटा किती."

"मग?"

"सगळा, असं म्हटलं. ते एकमेकांकडे बघायला लागले."

महिन्याभराने पत्र आलं. या संशोधनाचा इम्पॅक्ट जागतिक दर्जाचा आहे, हे कमिटीने एकमताने मान्य केलं होतं. गाइड म्हणून मान्यता पहिल्या लेखकाला मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ठोंबरे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. त्यांनी स्वतः उठून दार लावून घेतलं आणि तो पेपर माझ्यापुढे सरकवला.

"बस. आता तू माझी विद्यार्थिनी. यात नक्की काय केलंय, ते मला एकदा नीट समजावून सांग."

"सर, पहिलं नाव तुमचंच आहे."

"हो गं," पेढा पुढे करत ते म्हणाले. "पेपर तेवढा वाचायचाच राहिलाय."